रक्त तिचं, सही दुसऱ्याची

(जिल्ह्यातल्या महिला गटांच्या मेळाव्यात एका सामाजिक कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

संयोजक ताईंनी मला विषय दिला आहे, 'किशोरवयीन मुलंमुली एचआयव्हीची चाचणी का करून घेत नाहीत आणि कशामुळे करून घेतात'. एमएसडब्ल्यू झाल्यावर मी आठ वर्षं एका सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात कंत्राटी समुपदेशक होते. आता एका संस्थेमार्फत गावोगावच्या किशोरी गटांबरोबर काम करते. म्हणजे टेबलाच्या त्या बाजूलाही बसले आणि या बाजूलाही. त्यातून जे कळलं ते सांगते. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

२०१६ सालची गोष्ट. दुपारचा दीड वाजून गेला होता, बाह्यरुग्ण विभाग बंद होत आला होता. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी दारात उभी राहिली. खांद्याला कॉलेजची बॅग. म्हणाली, "मॅडम, ती चाचणी इथंच करतात ना?" मी वर पाहिलं आणि विचारलं, "वय किती?" बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. ती म्हणाली, "सोळा." मी म्हटलं, "मग आईला किंवा वडिलांना घेऊन ये. त्यांची सही लागते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आईला सांगितलं तर ती मला मारेल. वडिलांना सांगितलं तर ते आईला मारतील." मी म्हटलं, "नियम आहे बाई, मी काय करणार?" ती गेली आणि परत कधीच आली नाही.

संध्याकाळी मी त्या दिवसाचा अहवाल भरला. किती चाचण्या, किती निगेटिव्ह, किती पॉझिटिव्ह. ती मुलगी त्या अहवालात कुठेच नव्हती, कारण दारातून परत गेलेल्यांसाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. मला तिचं नावही माहीत नाही. पण या विषयावर बोलायला उभी राहिले की पहिली तीच आठवते.

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर आपल्याला पाठ आहे. मुलं येत नाहीत कारण त्यांना माहिती नाही. ते खोटं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी एचआयव्हीची पुरेशी आणि बरोबर माहिती होती फक्त २१.६ टक्के बायकांना. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३०.७ टक्के होतं. आणि शाळेत सांगायचं म्हटलं तर काय झालं, ते आपण पाहिलं आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधलं लैंगिकता शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली थांबवलं. त्या वर्षी जी मुलं आठवी-नववीत होती, ती आज तिशीत आहेत आणि त्यांची स्वतःची मुलं शाळेत जातात.

पण माझ्या दारातून परत गेलेल्या मुलीला माहिती होती. कुठं जायचं ते माहीत होतं, काय मागायचं ते माहीत होतं. एसटीने एकटी आली होती. तिला अडवलं ते अज्ञानाने नाही. म्हणून मला वाटतं की 'जनजागृती' हा शब्द उच्चारून आपण मोकळं होऊ नये. भिंतीवरची पोस्टरं पाहून मूल रुग्णालयाच्या फाटकापर्यंत येतं. फाटकापासून खोलीपर्यंतच्या पन्नास पावलांत जे होतं, त्यावर ते आत येणार की मागे फिरणार हे ठरतं.

त्या पन्नास पावलांत काय काय असतं?

पहिली गोष्ट, 'कोणाला कळेल?' मोठ्या माणसांना वाटतं की मुलांना आजाराची, मरणाची भीती वाटत असेल. मुलं माझ्याशी बोलली त्यात मरणाचा विषय फार उशिरा यायचा. आधी यायचं ते असं. "केस पेपरवर काय लिहिणार?" "फोन नंबर द्यावाच लागतो का? तो पप्पांचा आहे." "तिथल्या सिस्टर आमच्या गल्लीतल्या आहेत." खेड्यात तर गावातली आशा ताई कोणाची तरी जाऊ असते नाहीतर मावशी असते. ती कितीही भली असली तरी मुलीला तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत होत नाही. त्यात आमच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी, आणि समोरच्या बाकावर रांगेत बसलेलं अख्खं गाव. त्या बाकावर दहा मिनिटं बसणं म्हणजेच निकाल जाहीर होणं, असं एका मुलाने मला सांगितलं होतं.

इथं मुलगा आणि मुलगी यांच्यातला फरक लक्षात घ्या. मुलांकडे सबब असते. आमच्याकडे जत्रेनंतर हमखास काही मुलं यायची, "टॅटू काढला होता मॅडम, सुई एकच होती, म्हणून भीती वाटतेय." सुईची भीती खोटी नाही. एकच सुई अनेकांना वापरली तर धोका असतोच. पण बोलता बोलता कळायचं की सुई हे निमित्त आहे. मी ते निमित्त कधी काढून घेतलं नाही. त्या सबबीवर मुलगा आत येत होता, हे पुरेसं होतं. मुलीकडे अशी सबब नसते. ती फार तर म्हणते, "अंगावरून पांढरं जातं." तेही आईच्या कानावर गेलं तर आई म्हणते, "लग्न झालं की थांबेल." मुलाने चाचणी केली तर तो 'घाबरट', आणि मुलीने केली तर तिने 'काहीतरी केलं असणार'.

दुसरी गोष्ट, सही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. फार चांगला कायदा आहे. त्याने सांगितलं की काही मोजके अपवाद सोडले तर माणसाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची चाचणी करता येणार नाही, त्याचा निकाल बाहेर सांगता येणार नाही, आणि नोकरी, उपचार किंवा शिक्षण मिळवण्यासाठी चाचणीची अट घालता येणार नाही. पण अठरा वर्षांखालच्यांच्या वतीने ही संमती पालक देतात. म्हणजे रक्त मुलीचं आणि सही दुसऱ्याची.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. एचआयव्हीने ग्रासलेल्या घरात आईबाप नसतील आणि बारा ते अठरा वयाचं मोठं भावंडच, पुरेशी समज असल्याने, घर चालवत असेल, तर त्याला धाकट्या भावंडांचं पालक म्हणून मान्यता मिळते. ते भावंडाला शाळेत घालू शकतं, त्याच्या उपचाराचा निर्णय घेऊ शकतं. म्हणजे चौदा वर्षांची मुलगी धाकट्या भावाच्या उपचारावर सही करण्याइतकी समजदार आहे हे कायद्याला पटतं. मग सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या बोटातलं थेंबभर रक्त तपासण्यापुरती समज आहे, हे का पटत नाही? दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बालकायद्याने बारा वर्षांवरच्या मुलाला या चाचणीसाठी स्वतः संमती देण्याचा अधिकार दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये किशोरवयीनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा संमतीच्या वयाबद्दलच्या धोरणांचा फेरविचार करा असं सरकारांना सुचवलं. आपल्याकडे यावर मोठी चर्चाही होत नाही.

तिसरी गोष्ट, पोलीस. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक संबंधांना संमती देण्याचं वय अठरा केलं. त्याआधी ते सोळा होतं. मुलांवरचे अत्याचार दाबले जाऊ नयेत म्हणून हा कायदा हवाच होता, आणि आपल्यातल्या कित्येक जणी तो वापरून मुलींना न्याय मिळवून देण्यासाठी झटल्या आहेत. पण या कायद्यानुसार अठराखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध आल्याचं ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळवायचं असतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. आता विचार करा. सतरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली आहे. तिचा मित्र अठराचा आहे, तिच्यावर जबरदस्ती झालेली नाही. चाचणी कशासाठी हवी हे तिने खरं सांगितलं तर मला पोलिसांना कळवावं लागतं. आणि खरं सांगितलं नाही तर मी तिला सल्ला काय देणार? मुलांना कायद्याची कलमं माहीत नसतात, पण 'दवाखान्यात गेलं की पोलीस येतात' हे त्यांच्यात बरोबर पसरलेलं असतं.

चाचणी आणि पोलीस ही जोडी आपल्याकडे जुनीच आहे. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. त्याने रक्तदान केलं होतं. त्या रक्ताची तपासणी झाली, त्यात एचआयव्ही आढळला, आणि त्याला नीट काही सांगण्याआधीच तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्याखाली क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात एकटं कोंडलं गेलं. चौसष्ट दिवस! त्याची आई ल्यूसी डिसोझा न्यायालयात गेली. न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण त्या मायलेकांच्या लढ्यामुळे देशभर प्रश्न विचारले गेले. १९९२ मध्ये डॉमिनिक वारला. आज कोणी एचआयव्हीसाठी कोणाला कोंडत नाही. पण चाचणी ही आपल्या कामाची गोष्ट नसून आपल्याविरुद्धचा पुरावा आहे, ही भावना गेलेली नाही. सोळा-सतराच्या मुलांना ती आजही वाटते, आणि त्यांच्या बाबतीत ती अगदीच निराधार आहे असं मला म्हणता येत नाही.

यात थोडी वाट निघाली आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अठराखालच्या मुलीने गर्भपातासाठी डॉक्टरकडे धाव घेतली, तर तिची आणि तिच्या पालकाची विनंती असल्यास, डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल गर्भपातापुरता आहे. पण त्यामागचा विचार, की शिक्षेच्या भीतीने मुलगी उपचारापासून दूर जाऊ नये, चाचणीलाही लागू पडतो. ही मागणी आपण लावून धरायला हवी.

चौथी गोष्ट, आमची जीभ. सरकारी नोकरांवर टीका म्हणून नाही, मी स्वतः तिथं होते म्हणून सांगते. "या वयात असले उद्योग?" हे एक वाक्य ज्याने ऐकलं तो मुलगा स्वतः परत येत नाही आणि आपल्या चार मित्रांनाही येऊ देत नाही. आम्हाला समुपदेशनाचं प्रशिक्षण मिळतं, पण आमच्या घरात जे संस्कार झाले ते आम्ही चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवत नाही. मला स्वतःला ते ओळखायला दोन-तीन वर्षं लागली.

पाचवी गोष्ट आपल्याला कमी दिसते. आईच्या गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून ज्यांना लागण झाली, अशीही मुलं असतात. त्यांनी स्वतः काहीच 'केलेलं' नसतं. ती चाचणीपर्यंत पोचत नाहीत ती मोठ्यांच्या गप्प बसण्यामुळे. मला आठवते ती पंधरा वर्षांची मुलगी. आईबाप ती लहान असतानाच गेलेले, आत्याने वाढवलेली. वर्षात दोनदा नागीण उठली, वजन वाढेना, मग क्षयरोग निघाला. क्षयरोग झालेल्यांची एचआयव्ही चाचणी केली जाते, म्हणून ती आमच्याकडे आली. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ-वहिनी कशाने गेले ते आम्हाला ठाऊक होतं. पण पोरीची चाचणी केली असती तर घराण्याचं नाव गेलं असतं, तिचं लग्न झालं नसतं." आत्या वाईट बाई नव्हती. तिने त्या पोरीसाठी स्वतःच्या तोंडचा घास काढला होता. मुलीला निकाल सांगितला तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं." आज ती रोज गोळी घेते, काम करते, बरी आहे. पण दहा वर्षं आधी कळलं असतं तर तिचं बालपण इतकं दुखण्यात गेलं नसतं.

आता एक वेगळी गोष्ट सांगते. आपल्याकडे एक किशोरवयीन मुलगी अशी आहे जिची चाचणी अगदी हमखास होते. कोण ती? गरोदर असलेली. पाचव्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. अशी सतराची मुलगी दिवस गेल्यावर नाव नोंदवायला येते. सासू वय सांगते, "एकोणीस पूर्ण." हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीचीही चाचणी होते. ही चाचणी हवीच. वेळेत कळलं आणि औषध सुरू झालं तर बाळाला लागण होण्याचा धोका अगदी कमी करता येतो, आणि आईचा जीवही सावरतो. माझा आक्षेप चाचणीला नाही, ती ज्या तऱ्हेने होते तिला आहे. कसली चाचणी आहे हे त्या मुलीला कोणी धड सांगत नाही. विचारायचं ते सासूला किंवा नवऱ्याला विचारलं जातं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, आजही म्हणतो की विवाहित अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक तिचा नवरा. म्हणजे ज्याच्यापासून लागण झाली असण्याची शक्यता जास्त, सही त्याची!

आणि घरात पहिली चाचणी तिची झाली म्हणून पहिला दोषही तिचाच. "आमच्या मुलाला हिनेच दिलं." नवऱ्याला चाचणीला या म्हटलं की तो ट्रकवर गेलेला असतो, नाहीतर ऊसतोडीला. मी अशा तीन मुलींना माहेरी पाठवलेलं पाहिलं आहे. आपल्या गटांना माहीत असायला हवं म्हणून सांगते. जोडीदाराला निकाल सांगण्याबद्दल २०१७ च्या कायद्यात तरतूद आहे, पण तसं सांगितल्याने बाईवर हिंसा होईल, तिला टाकून देतील, अशी रास्त भीती असेल तर तिच्या जोडीदाराला सांगू नये, असंही तोच कायदा म्हणतो. ही ओळ पाठ करून ठेवा. रुग्णालयात भांडायला उपयोगी पडते.

म्हणून मी चाचण्यांची संख्या वाढली की लगेच टाळ्या वाजवत नाही. चाचणी किती जणींची झाली याच्याबरोबर हेही विचारते की त्यातल्या किती जणींनी ती स्वतः मागितली. एकदा एका वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंचा फोन आला होता, "आमच्या सगळ्या मुलींची एकदा करून टाका, म्हणजे आम्ही निश्चिंत." मी नाही म्हटलं. त्यांच्या निश्चिंतीसाठी मुलींचं रक्त घ्यायला मी बसलेली नव्हते. त्याऐवजी तीन शनिवार जाऊन मुलींशी नुसतं बोलले. पाळी, शरीर, प्रेम, नकार, निरोध, चाचणी, सगळ्यावर. नंतर महिन्याभरात त्यातल्या दोन मुली आपणहून भेटल्या. दोघींचे प्रश्न वेगळे होते, पण दोघी आल्या.

मग मुलं कशामुळे येतात? माझ्या अनुभवातून सांगते.

सोबतीमुळे येतात. एकटी मुलगी दारातून परत जाते, मैत्रिणीचा हात धरलेली आत येते. मुलंही जोडीने येतात आणि 'याची करायची आहे' म्हणून एकमेकांकडे बोट दाखवतात.

वेळेमुळे येतात. सकाळी नऊ ते एक कॉलेज असतं, नेमकं तेव्हाच आमचं दार उघडं. आम्ही आठवड्यातला एक दिवस संध्याकाळी पाचपर्यंत बसायला लागलो, तेव्हा अनोळखी तरुण चेहरे दिसू लागले.

मिसळलेपणामुळे येतात. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातली किशोरांसाठीची केंद्रं आपल्याकडे 'मैत्री क्लिनिक' म्हणून ओळखली जातात. तिथं मुलगी चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठीही जाते आणि पाळीच्या तक्रारीसाठीही. बाहेर बसलेल्यांना काही कळत नाही. अशा ठिकाणी चाचणीचा विषय सहज निघतो.

आणि पुढं काय होणार हे कळलं की येतात. ज्याला वाटतं की पॉझिटिव्ह म्हणजे संपलं, तो कशाला तपासेल? म्हणून आधी उपचार सांगा, मग चाचणी सांगा. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांमध्ये एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध सुरू करण्याचं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. लग्न होतं, मुलं होतात. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबते आणि मुलं ऐकायला लागतात.

चाचणीचंही खरं खरं सांगा. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, थोड्या वेळात प्राथमिक निकाल कळतो. एकाच चाचणीवरून कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. संबंध आल्यावर लगेच तपासलं तर लागण असूनही दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

मैत्रिणींनो, आता आपलं काम. मी चार गोष्टी मागते.

एक. प्रत्येक गटात अशी एक ताई असू द्या जिच्याकडे मुलगी येऊ शकेल आणि जी तिच्या आईलाही न विचारता सांगणार नाही. अशा ताईने आपल्या मर्यादा आधीच खऱ्या सांगाव्यात, कायद्याने काय कळवावं लागतं तेही सांगावं. खोटा दिलासा देऊ नये. सही लागते म्हणून मुलीला परत पाठवायचं नाही. सल्ला द्यायला, निरोधची माहिती द्यायला, १०९७ हा मोफत मदत क्रमांक लिहून द्यायला कोणाची सही लागत नाही. आणि घरात विश्वासाचं माणूस कोण हे तिच्याबरोबर शोधता येतं. आई नसेल तर थोरली बहीण, मावशी, आजी. ती सही करू शकेल की नाही हे पुढचं, पण मुलगी एकटी तरी राहणार नाही. त्या दुपारी मी हे सगळं करू शकले असते.

दोन. बलात्काराच्या घटनेत आपण धावतो ते पोलीस ठाण्यात. त्याआधी किंवा त्याचबरोबर रुग्णालयात चला. एचआयव्हीची लागण टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. सरकारी असो वा खासगी, अशा मुलीला मोफत उपचार नाकारता येत नाही. गुन्हा नोंदवल्याशिवाय हात लावणार नाही असं कोणी म्हणालं तर तिथून हलू नका.

तीन. आपल्या जवळच्या केंद्राला गटाने मिळून भेट द्या. पाटी कुठं आहे, बाक कुठं आहे, वेळ काय आहे, मुलीशी कोण कसं बोलतं, हे पाहा. रुग्ण कल्याण समितीत हा विषय मांडा. पाटी बदलायला आणि बाक हलवायला मंत्रालयात जावं लागत नाही.

चार. मागणी करा. किमान सोळा वर्षांवरच्यांना स्वतःच्या चाचणीसाठी स्वतः संमती देता यावी, आणि आपल्या मर्जीने आरोग्यसेवेसाठी आलेल्या मुलामुलींची ओळख उघड करावी लागू नये. यावर आपल्यात मतभेद असतील, मला माहीत आहे. अत्याचार लपवायला याचा फायदा कोणी घेईल ही भीती खरी आहे. त्यावर मोकळेपणाने बोलू या. पण चर्चा करताना दारातून परत जाणाऱ्या मुलींनाही मोजू या, कारण सरकारी तक्त्यात त्या कधीच दिसणार नाहीत.

शेवटी एकच सांगते. नोकरी सोडण्याआधी मी एक वही ठेवायला लागले होते. त्यात नाव नाही, गाव नाही. फक्त तारीख, अंदाजे वय, आणि 'आली होती, चाचणी झाली नाही, कारण अमुक'. अडीच वर्षांत ती वही जवळजवळ भरली. पहिल्या पानावर मी आठवून २०१६ मधली ती दुपार लिहिली आहे. वय सोळा. कारणाच्या जागी आधी 'पालकांची सही नाही' असं लिहिलं होतं. नंतर ते खोडून लिहिलं, 'मी बस म्हटलं नाही'.

तुमच्या गावात अशी मुलगी दारात आली तर आधी तिला बसायला सांगा. वय नंतर विचारा.